बेटावर परतलेली पाखरे

समुद्रात सुरय पक्ष्यांचा थवा एकाच जागी झेपावू लागला की आमचे बाबा होडीचे तोंड तिकडे वळवतात. पाखरू तिथे मासळी, हे त्यांचे शास्त्र. याहून अधिक विचार मी पाखरांचा कधी केला नव्हता. यंदा भूगोलाच्या प्रकल्पासाठी पफिन या समुद्रपक्ष्याची माहिती मिळवली आणि एका लहानशा बेटाची गोष्ट हाती लागली. तीच येथे सांगते.

अमेरिकेच्या ईशान्येस मेन नावाचे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्यालगत ईस्टर्न एग रॉक हे अवघे सात एकरांचे खडकाळ बेट आहे. पफिन साधारण कबुतराएवढा; पाठ काळी, पोट पांढरे, चोच उन्हाळ्यात रंगीबेरंगी. वर्षाचा बहुतेक काळ तो भर समुद्रात काढतो आणि उन्हाळ्यात बेटावरच्या बिळात किंवा कपारीत घरटे करतो. मादी वर्षाला एकच अंडे घालते. मांस, अंडी व पिसे यांसाठी माणसांनी त्याची इतकी शिकार केली की १८८५ च्या सुमारास या बेटावर एकही पफिन उरला नाही.

स्टीफन क्रेस या तरुण पक्षितज्ज्ञाच्या वाचनात ही हकीकत आली. माणसाने घालवलेला पक्षी माणसाने परत का आणू नये, असे त्यांना वाटले. १९७३ पासून त्यांनी कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या एका बेटावरून पफिनची पिल्ले आणण्यास सुरुवात केली. १९८६ पर्यंत अशी ९५४ पिल्ले आणली गेली. त्यांच्यासाठी मातीची बिळे केली आणि रोज बिळाच्या तोंडाशी मासे ठेवले. पंखांत बळ येताच पिल्ले रात्रीच्या अंधारात समुद्रात निघून गेली.

ती परत येतील का? पफिन थव्याने राहणारा पक्षी. रिकाम्या खडकावर तो उतरण्यास कचरतो. म्हणून क्रेस यांनी लाकडाचे पफिन रंगवून खडकांवर उभे केले. १९७७ मध्ये पहिला पफिन परतला. ४ जुलै १९८१ रोजी एक पफिन चोचीत मासे घेऊन कपारीत शिरताना दिसला. आत पिल्लू होते! सुमारे शंभर वर्षांनी बेट पुन्हा नांदते झाले.

हे वाचताना मला कॉलेजचा पहिला दिवस आठवला. आमच्या घरातले कोणी यापूर्वी कॉलेजात गेले नव्हते. मी फाटकापाशी बराच वेळ उभी होते. आमच्याच एस.टी.तून उतरलेल्या दोन मुली आत जाताना दिसल्या, तेव्हा कुठे माझा पाय उचलला.

पण पक्षी परतले म्हणजे काम संपले असे नाही. कुरव पक्षी पफिनची पिल्ले खातात. सुरय मात्र कुरवांना हुसकावून लावतात. म्हणून सुरयांचे आवाज ध्वनिमुद्रित करून बेटावर वाजवले गेले आणि १९८० मध्ये तेही परतले. आजही दर उन्हाळ्यात काही विद्यार्थी आणि स्वयंसेवक तेथे तंबू ठोकून राहतात. ते घरटी मोजतात, आडोशाला बसून कोणते पिल्लू कोणता मासा खाते याची नोंद ठेवतात, डोक्यावर सुरयांच्या चोची सोसतात. माणसांचा वावर असला म्हणजे कुरव दूर राहतात.

आता संकट निराळेच आहे. तेथील समुद्र झपाट्याने तापत आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात नेहमीची बारीक मासळी दुर्मिळ झाली. आईबापांनी बटरफिश नावाचा रुंद मासा आणला. तो पिल्लांच्या घशाखाली उतरेना. समोर मासे पडलेले असताना पिल्ले उपाशी मेली. हे मी बाबांना सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मासळी सरकली की पाखरूही उपाशी आणि खलाशीही."

लाकडी पफिनने काही फार केले नाही. तो फक्त तेथे उभा होता. पण त्याला तेथे नेऊन ठेवणारे कोणीतरी होते आणि राखणीला दर उन्हाळ्यात कोणीतरी जाते, म्हणून ते बेट नांदते आहे. येत्या जूनमध्ये आमच्या वाडीतल्या दोन मुली या कॉलेजात यायच्या आहेत. पहिल्या दिवशी मी फाटकापाशी उभी राहणार आहे.