आधी कंबर, मग खुर्ची

नांदेडहून भाचीचा फोन आला. "मावशी, लेकीसाठी खुर्ची बघतोय. एक छान दिसली, फोटो पाठवू का?"

फोटो नको म्हटलं. लेकराची मापं सांग. माझा नातू आता १९ वर्षांचा आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. आजवर त्याला चार खुर्च्या झाल्या. पहिली आम्ही फोटो बघूनच घेतली होती. तिच्यावर तो कमी बसला, आमचं धुणंच जास्त वाळलं.

तर ऐक माय. मान पडते म्हणून आपण आधी मानेचा आधार शोधत बसतो. पण बसणं सुरू होतं कंबरेपासून. कंबर मागं कलली की पाठीला पोक येतं आणि मान आपसूक खाली जाते. म्हणून आधी लेकराचं बूड पार मागं, पाठीला टेकेपर्यंत सरकव. पट्टा पोटावर बांधायचा नाही. मांडी जिथं कंबरेला दुमडते तिथं, खाली-मागं ओढ बसेल असा तिरका. पोटावर बांधलास तर लेकरू खालून निसटतं आणि पट्टा छातीवर, गळ्याकडं चढतो. दोन मांड्यांमधला ठोकळा असतो ना, तो पाय कात्रीसारखे होऊ नयेत म्हणून. घसरण अडवायचं काम त्याचं नव्हे. नाजूक जागी लागतं.

शिवणाची टेप घे. बुडाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मोज आणि त्यातून दोन बोटं वजा कर. बैठक एवढीच खोल हवी. जास्त झाली की काठ गुडघ्यामागं टोचतो आणि लेकरू पुढं सरकतं. दोन्ही पाय वेगवेगळे मोज. खुब्याचा सांधा निखळलेला असला तर एक मांडी आखूड भरते. आमच्याकडं हे तिसऱ्या खुर्चीच्या वेळी कळलं. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, लोंबकळत नकोत. "वाढतं अंग आहे, थोडी मोठीच घ्या" असं कुणीही म्हणेल. ते फ्रॉकचं गणित. खुर्ची आजच्या मापाला बसली पाहिजे आणि उद्या बैठक, पाठ, पायफळी सरकवता आली पाहिजे.

पाठ एका बाजूला झुकत असेल तर फिजिओथेरपिस्टला एकच विचार: हातानं सरळ होते का? होत असेल तर खुर्चीनं तसं धरायचं. होत नसेल तर खुर्चीनं त्या वाकाला जागा द्यायची. ओढूनताणून सरळ केलेलं अंग दुसरीकडं वाकतं, वर दुखतं ते वेगळंच. हे विचारायला लातूरजवळ हरंगुळला संवेदना केंद्र आहे, ते सेरेब्रल पाल्सीच्या लेकरांसाठीच आहे.

दुकानदार सांगेल, खुर्ची मागं झोपते. नुसती पाठ झोपते की बैठकीसकट सगळी कलते, ते बघ. नुसती पाठ मागं गेली की ताठरणारं लेकरू धनुष्यासारखं ताणतं आणि घसरतं. सगळी कलली तर कोन तसाच राहतो, बुडावरचा भार पाठीवर जातो. आरामाला ही कलती स्थिती चांगली. जेवताना मात्र पाठ उभी, हनुवटी जराशी आत. मान मागं टाकून घास देऊ नकोस, ठसका लागतो.

किल्लारीच्या भूकंपात, १९९३ साली, माहेरच्या नात्यातल्या एकाचा मणका गेला. त्याला त्या ढिगाऱ्यानं नाही एवढं नंतर एका जागी पडून झालेल्या जखमांनी, बेडसोरनं छळलं. तेव्हापासून माझी सवय आहे, उठवलं की बूड आणि पाठ हातानं चाचपायची. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. दाब बसलेल्या जागी गरम, टणक लागतं. अर्ध्या तासात ते ओसरलं नाही तर बैठक चुकतेय. नवी खुर्ची पहिल्या दिवशी १५–२० मिनिटंच. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात रेक्झिन अंगाला चिकटतं; काढून धुता येईल असं सुती कव्हर शिवून घे.

बारीक गोष्टी: दाराची रुंदी आणि उंबरठा आधी मोज. पाना खुर्चीलाच बांधून ठेव. बैठक, पायफळी ज्या भोकांवर बरोबर बसली त्यांवर नेलपॉलिशचा ठिपका दे, म्हणजे सासूबाईंनी पुसायला काढलं तरी परत तसंच लागेल.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीची सीपी (सेरेब्रल पाल्सी) चेअर मिळू शकते. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणि दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढून ठेव. शिबिरात आधी मापं घेतात, खुर्ची नंतर येते. मापाला लेकीला घेऊन जा, नुसते कागद पाठवू नकोस. हातात आल्यावर तिथंच बसवून बघ, सही मग.

नातवाची दुसरी खुर्ची माळ्यावर आहे, खाली काढून ठेवते. पण ती तुझ्या लेकीला होईलच, असं धरून चालू नकोस. आधी मापं सांग.