हीटर गार का पडतो?

पौष पौर्णिमेला म्हसा येथे यात्रा भरते. त्या थंडीत पहाटे माळशेज घाट चढताना मोटारीच्या हीटरमधून गारच वारा आला, तर?

इंजिनाच्या मोटारीत हीटरला सहसा निराळी शेगडी नसते. इंजिनात तापलेले पाणी एका लहान जाळीतून खेळते व पंखा तिच्यावरून हवा ढकलतो. वाराच नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. वारा गार असेल, तर तापमानाचा काटा पाहावा. तो खालीच राहिल्यास थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा. मध्यावर असल्यास जाळी तुंबली असावी. वर चढल्यास पाणी कमी झाले असावे. इंजिन लगेच बंद करावे. मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे पाणी १००° सेल्सिअसच्या वरही उकळत नाही. झाकण निघताच दाब घटतो, पाणी उसळते आणि भाजते.