रंगातले ढग पॉलिशने का जात नाहीत?

प्रश्न : आमच्या चंदेरी गाडीचा दरवाजा ठोकल्यामुळे पुन्हा रंगवून घेतला. सावलीत तो छान दिसतो. पण गाडी उन्हात आणली की त्यावर ढगांसारखे फिके-गडद डाग दिसतात. दोनदा पॉलिश करूनही ते गेले नाहीत. गॅरेजवाला म्हणतो, पूर्ण दरवाजा पुन्हा रंगवावा लागेल. हे खरे आहे, की पैसे काढण्याचा प्रकार?

उत्तर : गॅरेजवाल्याचे म्हणणे बरोबर आहे. मात्र पहिला रंगही त्यानेच दिला असेल, तर दुसऱ्यांदा पैसे मागणे बरोबर नाही. का, ते पाहू.

तुमच्या गाडीचा चंदेरी रंग मेटॅलिक आहे. अशा रंगाचे मुख्य थर दोन. खालचा बेस कोट. त्यात रंगद्रव्याबरोबर ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म चपटे कण असतात. त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. चकाकी त्याची आणि संरक्षणही त्याचेच. साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगात असे कण नसतात, म्हणून तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

हे कण म्हणजे जणू इवलेसे आरसे. सगळे आडवे, एका पातळीत बसले तर समोरून पाहताना रंग उजळ आणि एकसारखा दिसतो. काही तिरपे राहिले, तर तेवढा भाग गडद भासतो. सावलीत प्रकाश चहूबाजूंनी येतो, म्हणून फरक लपतो. ऊन एकाच दिशेने पडते आणि तो उघडा पाडते.

कण तिरपे राहतात ते बहुधा फवारणीमुळे. एखाद्या जागी रंग जास्त ओला बसला की थिनर उडायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात कण सरकतात, एकत्र गोळा होतात. स्प्रे गन कुठे जवळ, कुठे लांब धरली, किंवा एका फटक्यावर दुसरा फटका निम्म्याने चढवला नाही, तर पट्टे उमटतात. पावसाळी, थंड हवेत थिनर हळू उडतो, त्यामुळे धोका वाढतो. बेस कोट पुरता सुकण्याआधी क्लिअर मारला, तर त्यातला थिनरही खालचे कण हलवतो.

आता पॉलिशचे. पॉलिश फक्त वरच्या क्लिअर कोटवर काम करते. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाड, म्हणजे कागदाहूनही पातळ. आणि दोष तर त्याच्या खाली आहे. जास्त घासल्याने ढग जात नाहीत, उलट क्लिअर झिजतो. म्हणून आणखी पॉलिश करू नका.

‘वरून आणखी एक जाड हात मारला की झाकून जाईल’ हाही गैरसमज आहे. जाड, ओला हात म्हणजे पुन्हा तेच ढग.

खरी दुरुस्ती अशी : रंग पुरता वाळू द्यायचा. मग 800 नंबरच्या वॉटर पेपरने क्लिअर घासून मंद करायचा, स्वच्छ पुसायचा आणि बेस कोटचे पातळ, सारखे हात द्यायचे. प्रत्येक हातानंतर ओली चमक जाईपर्यंत थांबायचे. शेवटचा हात गन थोडी लांब धरून, अगदी हलका. त्याने कण एकसारखे बसतात. घासताना पेपर बेस कोटपर्यंत पोहोचला, तर कण कापले जाऊन ओरखडे चमकतात. तिथे नव्याने बेस मारावाच लागतो. शेवटी क्लिअर पूर्ण दरवाजावर मारायचा, मधेच सोडायचा नाही.

‘कलर कोड तोच, म्हणजे छटा तीच’ असेही नाही. गन, हवा आणि हात यांनी मेटॅलिक छटा बदलते, शिवाय जुना रंग उन्हाने उतरलेला असतो. म्हणून चांगला पेंटर आधी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून गाडीशी ताडतो. जरूर पडल्यास शेजारच्या दरवाजावर आणि मडगार्डवर रंग विरळ करत नेतो, म्हणजे सीमा दिसत नाही.

हे काम घरी करू नका. क्लिअरच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि साध्या मास्कने ते अडत नाही. गॅरेजमध्ये एकच आग्रह धरा : क्लिअर मारण्यापूर्वी बेस कोट चांगल्या उजेडात समोरून आणि बाजूने दाखवा. ढग तेव्हाच दिसले, तर एका हलक्या हाताने ते सावरता येतात. क्लिअरनंतर सगळे नव्याने करावे लागते.