वाचकांचे प्रश्न : वैमानिकाची विश्रांती आणि त्याचे निवृत्तिवेतन

प्रश्न : माझे यजमान २०११ पासून एका खासगी विमानकंपनीत वैमानिक असून आज कॅप्टन आहेत; वय ५३. अलीकडे परगावच्या मुक्कामात कंपनी त्यांना विमानतळापासून दूरच्या हॉटेलात, तेही सहवैमानिकाबरोबर एकाच खोलीत उतरवू लागली आहे. तक्रार करावी म्हटले तर नातेवाईक म्हणतात, ‘एवढा पगार घेता, मग कुरकुर कसली?’ निवृत्तीनंतर त्यांना पेन्शन किती मिळेल? आणि उद्या कंपनीच बुडाली, तर प्रॉव्हिडंट फंड व ग्रॅच्युइटीचे काय? — एक भगिनी, विमाननगर, पुणे

उत्तर : आपल्या नातेवाइकांचे म्हणणे प्रथम विचारात घेतो, कारण ते केवळ त्यांचे नाही, वैमानिकाचा पगार ऐकून बहुतेकांचे मत तेच होते. वैमानिकाची विश्रांती ही त्याच्या वेतनाबरोबर मिळणारी सवलत नव्हे; त्याच्या पाठीमागे बसलेल्या दीडदोनशे उतारूंच्या जिवासाठी कायद्याने त्याच्यावर आणि त्याच्या मालकावर लादलेले ते बंधन आहे, आणि म्हणूनच अधिक पगार देऊन ती कोणास विकत घेता येत नाही, की वैमानिकास विकता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, कामाच्या वेळांविषयीच्या नियमांत मुक्कामाच्या जागेची व्याख्याच दिलेली आहे : शयनगृह सुसज्ज असावे, गोंगाट कमीत कमी असावा, हवा खेळती असावी, उजेड व तापमान हवे तसे कमीजास्त करता यावे, आणि कर्मचाऱ्याने मागितल्यास खोली त्याला एकट्याला मिळावी. तेव्हा आपल्या यजमानांनी स्वतंत्र खोली लेखी मागावी. ती मागणे हे गाऱ्हाणे नसून नियमाचा अंमल मागणे आहे.

अंतराविषयीही नियम स्पष्ट आहे. विमानतळावरून हॉटेलात जाण्यायेण्याचा वेळ कामातही धरला जात नाही आणि विश्रांतीतही नाही. देशांतर्गत फेरीनंतर किमान १२ तास, किंवा आधीची ड्युटी त्याहून लांबली असेल तर तेवढे तास, निखळ विश्रांतीचे मिळाले पाहिजेत. लोहगावला उतरलेल्या क्रूची सोय हिंजवडीस केली, तर संध्याकाळच्या वाहतुकीत जाणारा वेळ कंपनीने या १२ तासांवर चढवून दिला पाहिजे. त्यातून वजा करता कामा नये. प्रत्येक मुक्कामी खोलीत पोहोचल्याची आणि खोली सोडल्याची वेळ त्यांनी स्वतः नोंदवून ठेवावी आणि झोप पुरी न झाल्यास थकव्याचा अहवाल कंपनीकडे लेखी रुजू करावा. अशा अहवालांची माहिती विमानकंपन्यांनी दर तिमाहीस डीजीसीएला द्यावी, अशी तरतूद २०२४ च्या सुधारित नियमांत आहे.

त्या सुधारित नियमांचा इतिहास पुणेकरांस तरी नव्याने सांगण्याची गरज नसावी. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि वैमानिकाच्या वाट्याचे रात्रीचे अवतरण सहावरून दोनवर आणणारे हे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, कंपन्यांच्या विरोधामुळे लांबणीवर पडले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत त्यांचा अंमल सुरू झाला. पुरेशी वैमानिकभरती न केलेल्या इंडिगोची उड्डाणे त्या डिसेंबरात देशभर हजारोंनी रद्द झाली. लोहगावला तर क्रूची वाट पाहत उभ्या राहिलेल्या विमानांमुळे नव्याने उतरणाऱ्या विमानांस जागा मिळेना. त्यावर सरकारने कंपनीस काही कलमांतून तात्पुरती सूट दिली आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये हा दंडकही मागे घेतला. माझ्या मते तो निर्णय चुकीचा होता. नियमांसाठी जवळजवळ दोन वर्षांची मुदत मिळूनही ज्यांनी माणसे नेमली नाहीत, त्यांच्या अडचणीची किंमत ज्यांनी नियम मागितले त्या वैमानिकांच्या झोपेतून वसूल करणे न्यायाचे नाही.

आता पेन्शन. येथे मला आपणांस निराश करावे लागत आहे. खासगी विमानकंपनीत सरकारी नोकरासारखे निवृत्तिवेतन नसते. असते ती १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. तिच्यात २०१४ पासून पगार, तो प्रत्यक्षात कितीही असो, महिना १५,००० रुपयेच धरला जातो, आणि त्याआधीच्या सेवेसाठी ६,५०० रुपये. या पगारास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावयाचे, असा हिशेब आहे. आपले यजमान ५८ वर्षांचे होतील तेव्हा त्यांची सेवा २० वर्षांची भरेल. त्याबद्दल दोन वर्षे वाढवून मिळतील. तरीही पेन्शन महिना साडेचार हजार रुपयांच्या पलीकडे जाणार नाही. ती ६० व्या वर्षापर्यंत लांबवल्यास दर वर्षी ४ टक्क्यांनी वाढेल, एवढेच. सप्टेंबर २०१४ नंतर मोठ्या पगारावर प्रथमच नोकरीस लागलेल्या तरुण फर्स्ट ऑफिसरांस तर या योजनेत प्रवेशच नाही.

म्हणून प्रॉव्हिडंट फंडाचे पासबुक आजच उघडून पाहावे. कंपनी १२ टक्के वर्गणी खऱ्या मूळ वेतनावर भरते, की १५,००० रुपयांवर? दुसरा प्रकार असेल तर मालकाकडून महिना अवघे १,८०० रुपये जमा होतात, आणि त्यांतलेही १,२५० पेन्शन योजनेत वळते होऊन खात्यावर ५५० उरतात. लाखांनी पगार घेणाऱ्या माणसाच्या म्हातारपणाची मालकाने केलेली तजवीज ती एवढीच! तसे आढळल्यास ऐच्छिक वर्गणी वाढवावी. मात्र स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांवर गेली, की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो, तेव्हा पुढची बचत राष्ट्रीय पेन्शन योजनेत वळवणे बरे. व्यावसायिक वैमानिकास ६५ व्या वर्षापर्यंत उड्डाण करता येते हे खरे, पण साठीनंतर वैद्यकीय तपासणी दर सहा महिन्यांनी होते, आणि एका तपासणीत अपात्र ठरला की मिळकत त्याच दिवशी थांबते. परवाना गमावण्याविरुद्धचा विमा नसेल तर तो आधी घ्यावा.

ग्रॅच्युइटी अखेरच्या वेतनाच्या १५ दिवसांप्रमाणे प्रत्येक वर्षाला मिळते, पण कायद्याने देय असलेली कमाल रक्कम २० लाख रुपये आहे.

कंपनी बुडाल्यास काय, हा आपला प्रश्न काल्पनिक नाही. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी अखेरचे उड्डाण केले. कर्मचाऱ्यांचा फंड व ग्रॅच्युइटी पुरती द्यावी हा अपील न्यायाधिकरणाचा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयाने तो जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला, आणि तरीही पैसे हाती न पडता नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयास कंपनीच्या अवसायनाचा हुकूम द्यावा लागला. दिवाळखोरी संहितेप्रमाणे फंड, पेन्शन व ग्रॅच्युइटी यांच्या निधीतील रकमांवर कंपनीच्या सावकारांचा हक्क पोहोचत नाही. परंतु थकलेला पगार मात्र रांगेत उभा राहतो : कामगारांचा २४ महिन्यांचा तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीने, इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा त्यांच्या मागून. दिल्ली उच्च न्यायालयाने वैमानिकांना कामगार मानले आहे, ही गोष्ट अशा वेळी मोलाची ठरते.

तेव्हा ग्रॅच्युइटीची रक्कम स्वतंत्र ट्रस्टमध्ये वा विमा कंपनीकडे ठेवली आहे, की केवळ जमाखर्चाच्या वह्यांत दाखवली आहे, हे यजमानांनी कंपनीस लेखी विचारावे. फंडाची वर्गणी सलग दोन महिने जमा झालेली न दिसल्यास तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता भविष्य निधी संघटनेकडे तक्रार नोंदवावी, आणि तिच्यात कंपनीचा आस्थापना क्रमांक अवश्य द्यावा. कारण पुण्यात राहत असलात, तरी कंपनीची नोंदणी ज्या शहरात असेल तेथील कार्यालयच तिच्यावर कारवाई करील.