फटफटीच्या ट्रॉलींत जागा कशी वाढवावी ?

आमच्या सभासद बंधूंपैकीं पुष्कळांची शेती अल्प आहे. दहा-वीस गुंठ्यांत मेथी, कोथिंबीर, पालक करावयाचा, एखाद्या तुकड्यांत टोमॅटो लावावयाचे, आणि आठवड्याच्या बाजारीं माल नेऊन विकावयाचा, असा त्यांचा क्रम असतो. एवढ्याशा मालास टेंपो करावा तर भाड्यांतच नफा जातो. फटफटीच्या मागें पोतीं आवळून न्यावीं तर पाला दबून काळा पडतो व गिऱ्हाईक त्यास हात लावीत नाहीं. ह्या अडचणींतून मार्ग म्हणून कांहीं बंधूंनीं मोटारसायकलीमागें जोडावयाची दोन चाकांची लहान ट्रॉली घेतली आहे. चार बाजार झाले कीं त्यांची एकच तक्रार ऐकूं येते : जागा पुरत नाहीं. ही जागा कशी वाढवावी, आणि कोठें वाढवूं नये, ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतों, म्हणजे पुढील विवेचनाचें कारण ध्यानांत येईल. आमच्या ट्रॉलीच्या बाजू ३० सें. मी. उंच होत्या. आम्हीं चारी बाजूंस फळ्या ठोकून त्या दुप्पट केल्या व मोठें काम केलें असें समजलों. बाजाराच्या आदल्या रात्रीं मेथीचे ५ क्रेट भरून ठेविले. पहाटे टोमॅटो तोडून त्यांचे ५ क्रेट मेथीवर रचले. पुतण्या गाडी घेऊन निघाला. कालव्याच्या वळणावर एक चाक खड्ड्यांत गेलें, ट्रॉली कलंडली, जोडणीची कडी पिळवटली आणि तिच्याबरोबर फटफटीही आडवी झाली. पोराचें गुडघ्यावर निभावलें. मागून एखादी मोटार येती तर काय झालें असतें ह्याचा विचार आजही करवत नाहीं. टोमॅटोचा चिखल झाला, तो बाजार बुडाला. घरीं आल्यावर पोरानें विचारलें, "काका, जागा तर वाढविली होती ना ?" ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें शिकलों, तें पुढें देत आहों.

१. अडचण जागेची कीं वजनाची ?

जागा वाढविण्यापूर्वीं ट्रॉलीनें किती वजन न्यावें हें ठरविलें पाहिजे. मोटारसायकलीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका प्रथम वाचावी. तींत मागें कांहीं ओढूं नये असें सांगितलें असल्यास तेथेंच थांबावें. त्यापुढील सर्व खटपट धोक्याची होय. तशी मनाई नसल्यास एक आडाखा उपयोगी पडेल. ब्रिटनमध्यें असा नियम आहे कीं, मोटारसायकलीमागील ट्रॉलीचें मालासह वजन १५० किलो, किंवा मोटारसायकलीच्या स्वतःच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग, ह्यांपैकीं जें कमी असेल त्याहून अधिक असूं नये. शिवाय ट्रॉलीची रुंदी १ मीटरच्या आंत व मोटारसायकलीचें इंजिन १२५ घनसेंटिमीटरहून मोठें असावें लागतें. हा नियम आपल्याकडे लागू नाहीं. परंतु त्यामागील विचार सर्वत्र सारखाच आहे. ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक नसतो. पुढील गाडी थांबली तरी मागील ओझें तिला पुढें लोटीतच राहतें.

आमची मोटारसायकल १४४ किलोंची आहे; तिचे दोन-तृतीयांश म्हणजे ९६ किलो. रिकामी ट्रॉली ३६ किलोंची. सबब मालास उरले ६० किलो. आतां टोमॅटोचा भरलेला क्रेट सुमारें २० किलो भरतो, तर मेथीचा, आम्हीं तोलून पाहिला त्याप्रमाणें, अवघा ६ किलो. म्हणजे ६० किलोंत टोमॅटोचे ३ क्रेट येतात, मेथीचे १०. टोमॅटो नेणाऱ्यास जागा कमी पडतच नाहीं. त्याची मर्यादा वजनाची आहे. जागेची खरी गरज पालेभाजीवाल्यास आहे. ज्या दिवशीं आमची ट्रॉली कलंडली त्या दिवशीं तींत १३० किलो माल होता. ट्रॉली धरून १६६ किलो, म्हणजे ओढणाऱ्या गाडीहून ओढलें जाणारें ओझें जड! वाढविलेल्या जागेनेंच आम्हांस हा मोह घातला होता.

२. फळी न ठोकतां मिळणारी जागा

आमच्या ट्रॉलीची आंतील लांबी १२० सें. मी. व रुंदी ९२ सें. मी. आहे. आमच्याकडील प्लास्टिकचा क्रेट ५४ सें. मी. लांब, ३६ रुंद व २९ उंच आहे. सर्व क्रेट एकाच दिशेनें, लांबीस लांबी लावून ठेविले तर चारच बसतात. पण एका बाजूस तीन क्रेट ट्रॉलीच्या रुंदीच्या दिशेनें लांब करून ओळीनें ठेवावे. ते १०८ सें. मी. लांबी व ५४ सें. मी. रुंदी व्यापतात. उरलेल्या पट्टींत दोन क्रेट ट्रॉलीच्या लांबीच्या दिशेनें ठेवावे; ते १०८ लांबी व ३६ रुंदी घेतात. ५४ व ३६ मिळून ९० होतात, व पांचवा क्रेट बिनखर्चानें आंत येतो. वर टोंकास १२ सें. मी. जागा शिल्लक राहते, तींत दोर व ताडपत्री मावते. सुताराकडे जाण्यापूर्वीं प्रत्येकानें आपली ट्रॉली व आपले क्रेट मोजून अंगणांत खडूनें हा नकाशा काढून पाहावा. मिश्र माल असेल तर टोमॅटोचे २ व मेथीचे ३ क्रेट मिळून ५८ किलो होतात आणि एकाच थरांत बसतात. त्या दिवशीं बाजू उंच करण्याचें कारणच उरत नाहीं.

३. खालची जागा

पुष्कळ ट्रॉल्यांच्या तळाखालीं, आंसाच्या पुढें, रिकामी जागा असते. आमच्या ट्रॉलीचा तळ जमिनीपासून ४० सें. मी. उंच आहे. तेथें ६० सें. मी. लांब, ४० रुंद व १५ खोल अशी पातळ पत्र्याची पेटी नट-बोल्टांनीं टांगली. खालीं २५ सें. मी. मोकळे राहिले. तिचें दार बाजूस ठेविलें, म्हणजे माल न उतरवितां उघडतां येतें. तिची समाई ३६ लिटर होते. वजनकांटा, पान्हे, हवेचा पंप, ओलें गोणपाट अशा जड वस्तू तींत जातात व वरील पाल्यास मोकळीक मिळते. जड वस्तु खालीं गेल्यानें गाडी स्थिरही होते. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या : खड्ड्यांत चाक वर उचललें असतां आंस पेटीस लागूं नये, आणि पेटीच्या तळास पाणी जाण्यापुरतीं छिद्रें असावींत.

४. वरची जागा

निव्वळ पालेभाजी न्यावयाची असेल तेव्हांच दुसरा थर रचावा. त्यासाठीं जाड फळ्या ठोकूं नयेत. फळी स्वतःच पांच-सहा मेथीच्या जुड्यांचें वजन खाते व वारा अडविते. चारी कोपऱ्यांस लोखंडी नळीचे तुकडे बोल्टांनीं बसवून त्यांत बांबूच्या काठ्या उभ्या कराव्या, दोन आडव्या काठ्या बांधाव्या व भोंवतीं जाळी ताणावी. ही चौकट ३० सें. मी.हून उंच नसावी व काम संपतांच काढून ठेवतां यावी. कायमची भिंत असली कीं ती भरण्याचा मोह होतो, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

जड खालीं व हलकें वर, हा नियम कधींही मोडूं नये. आमच्या त्या दिवशींच्या मालाचाच हिशेब पाहा. मेथी खालीं व टोमॅटो वर असतां मालाचा गुरुत्वमध्य ट्रॉलीच्या तळापासून सुमारें ३७ सें. मी. उंचीवर होता, तेच क्रेट उलट रचले असते तर तो २१ सें. मी.वर आला असता. भार अधिक होता ही चूक तर होतीच; पण केवळ आळसानें, आधीं भरलेले क्रेट न उतरविल्यानें, आम्हीं तो १५ सें. मी.हून अधिक वर चढविला.

५. दांड्यावरील पेटी व तोल

ट्रॉलीच्या दांड्यावर पेटी बसविण्याची कल्पना अनेकांस सुचते. ती वाईट नाहीं, पण तिचा परिणाम समजून घ्यावा. बैलगाडी हांकणाऱ्यास हें नवें नाहीं. माल पुढें झाला तर जूं बैलांच्या मानेवर बसतें. मागें झाला तर गाडी उलाळ होते व जूं वर उचलतें. येथें बैलांच्या मानेच्या ठिकाणीं मोटारसायकलीचें मागील चाक आहे. ट्रॉली उलाळ झाली तर तें चाक उचललें जातें, रस्त्यावरील त्याची पकड सुटते व ट्रॉली शेपटासारखी डावी-उजवी हलूं लागते. फार पुढें झाली तर मोटारसायकलीचें पुढील चाक हलकें होऊन हँडल ऐकत नाहीं.

जोडणीवर एकंदर वजनाचा दहावा हिस्सा, किंवा त्याहून किंचित् अधिक, भार यावा. ९६ किलोंस सुमारें १० किलो. हें पाहणें सोपें आहे : भरलेली ट्रॉली सपाट जागीं आडवी समतल धरून दांड्याचें टोंक वजनकांट्यावर टेकवावें. आमच्या ट्रॉलींत आंसापासून जोडणी १५० सें. मी. पुढें आहे. आंसाच्या पुढें ८० सें. मी.वर ८ किलोंची पेटी ठेविली तर जोडणीवर सुमारें ४¼ किलो भार वाढतो. तीच आंसाच्या मागें ६० सें. मी.वर टांगली तर सुमारें ३¼ किलो कमी होतो. म्हणून मागील फळक्यास पेटी किंवा पाण्याचा डबा कधींही टांगूं नये.

६. कायद्याची बाजू

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें ट्रॉली ही स्वतःच वाहनाच्या व्याख्येंत येते, व ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल वाहनांत करण्यास बंधन घातलें आहे. म्हणून तळ कापणें, आंस हलविणें, कायमच्या बाजू वाढविणें अशा कामापूर्वीं परिवहन कार्यालयांत कागद दाखवून विचारावें व विमा करणारांसही कळवावें. काढता येण्याजोग्या चौकटीनें काम भागत असतां ह्या भानगडींत कां पडावें ? मागील तांबडा दिवा, परावर्तक व नंबराची पाटी मालानें किंवा ताडपत्रीनें झांकली जाऊं नये. पहाटेच्या अंधारांत तेवढाच आपला कैवारी असतो. ज्यास एकच क्रेट न्यावयाचा त्यास ट्रॉलीची गरजही नाहीं. २०२० सालच्या नियमदुरुस्तीनें मोटारसायकलीवर ५५० मि. मी. लांब, ५१० रुंद व ५०० उंच इतक्या मर्यादेचा हलका डबा बसविण्यास मुभा आहे; तो मागील बैठकीच्या जागीं बसविल्यास मात्र दुसरा माणूस घेतां येत नाहीं.

उपसंहार

आतां आमच्या ट्रॉलीचा जमाखर्च असा. बांबूची चौकट ४ किलो, खालची पेटी आंतील सामानासह ८ किलो. हीं १२ किलो ६० मधून वजा जातां ४८ किलो राहतात, म्हणजे मेथीचे ८ क्रेट. पांच खालीं, तीन बरोबर आंसावर. पूर्वीं चार जात, आतां आठ जातात, व पाला दबत नाहीं. दहा नेण्याची जागा आहे, पण आम्ही नेत नाहीं. पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर हेंच आहे : जागा वाढविली म्हणून गाडीचें बळ वाढत नाहीं. उरलेले दोन क्रेट दुसऱ्या खेपेस जातील. माणूस मात्र प्रत्येक खेपेस घरीं परत आला पाहिजे.

ज्या बंधूंनीं आपल्या ट्रॉलींत ह्याहून सोयीची व्यवस्था केली असेल त्यांनीं मापें व वजनें ह्यांसह ती आम्हांस अवश्य कळवावी. पुढील अंकीं तिचा विचार करूं.