समुद्राच्या तळाशी फोटो कसा काढतात?

विहिरीत सूर मारून तळाकडे निघाले की कान दुखतात, हे पोहणाऱ्यांना ठाऊक आहे. का बरे दुखतात? डोक्यावरचे पाणी दाबते म्हणून. पाण्यात दर १० मीटर खाली गेले की एका वातावरणाएवढा दाब वाढतो. काठावर १, दहा मीटरवर २, वीस मीटरवर ३. हे गणित पुढे लागणार आहे.

आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पण आपल्याच महाराष्ट्रात, मालवणला, शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग किल्ला बांधला, त्याच्या आसपासच्या बुडालेल्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे पोवळे. अंगठीतले लाल पोवळे निराळ्या जातीचे. मालवणचे प्रवाळ तपकिरी, हिरवट, पिवळसर. दिसायला दगड, पण दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे बरं का! ज्वारीच्या दाण्याएवढे इवलेसे जीव, तोंडाभोवती बोटांसारख्या शुंडिका. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुनखडीचे घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि घरमालकालाही देते. म्हणून असे प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यात वाढतात. घुमटासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. तुमच्या उंचीचे प्रवाळ किती वर्षांचे असेल, सांगा पाहू?

असे प्रवाळ तोडून घरी आणले तर ते मरते, आणि कायद्याने गुन्हाही होतो. आणायचा तो फोटो.

त्यासाठी पाण्याखाली श्वास घ्यायला हवा. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ या दोघांनी एक झडप तयार केली. पाणबुड्या जेव्हा श्वास ओढतो तेव्हाच ती हवा सोडते, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाएवढीच सोडते. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असे पुष्कळांना वाटते. पण असते ती आपली साधी हवाच, दाबून भरलेली. टाकीत २४०० लिटर हवा आहे आणि मिनिटाला २० लिटर लागते, तर काठावर १२० मिनिटे पुरेल. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट लागते. ६० मिनिटे! वीस मीटरवर किती, ते तुम्ही काढा.

आता धोक्याची गोष्ट. दहा मीटरवर छातीभर हवा घेतली आणि श्वास रोखून वर आले, तर ती हवा फुगून दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून पाणबुड्याचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. वर यायचे तेही सावकाश. सोड्याची बाटली एकदम उघडली की बुडबुडे येतात ना? घाई केली तर रक्तात तसेच नायट्रोजनचे बुडबुडे होतात. हे सारे रीतसर शिकावे लागते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची तशी संस्था आहे.

फोटोची अडचण निराळीच. आपल्या वालूरच्या चक्राकार बारवेत वरच्या पायऱ्या स्वच्छ दिसतात, पाण्यात खोल गेलेल्या हिरव्या अंधारात जातात. पाणी उजेड गिळते, आणि तांबडा रंग सगळ्यांत आधी. दहा मीटरवर बोट कापले तर रक्त हिरवट दिसते! म्हणून रंग हवे असतील तर दिवा न्यावा लागतो. १९२६ साली अमेरिकेत फ्लोरिडाजवळ पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, तेव्हा वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड पाडला होता. आता हातात मावेल असा दिवा मिळतो. तो कॅमेऱ्याच्या बाजूला, लांब धरतात. समोरून धरला तर पाण्यातले कण मोटारीच्या उजेडातल्या धुळीसारखे चमकतात. कॅमेरा बंद पेटीत असतो. पेटीच्या रबरी कड्यावर एक केस अडकला तरी पाणी शिरते आणि कॅमेरा गेला.

मासा काही थांबत नाही. त्याच्या जवळ जायचे, पण प्रवाळाला पाय लावायचा नाही. इथेच खरे कसब. श्वास घेतला की अंग थोडे वर जाते, सोडला की खाली. तेवढ्यावर अधांतरी राहायचे. आमच्या मते कॅमेरा हाती घेण्याआधी हेच शिकवावे. नवखे पर्यटक सरळ प्रवाळावर उभे राहतात.

१९८७ साली मालवणचा हा समुद्र अभयारण्य जाहीर झाला. तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. जाळे टाकायचे कुठे, हा त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हता. पुढे त्यांच्यातलेच कित्येक जण पर्यटकांना प्रवाळ दाखवायला नेऊ लागले.

असे फोटो अभ्यासालाही लागतात. त्याच प्रवाळाचा, शेजारी पट्टी ठेवून, दर वर्षी फोटो काढतात आणि जुन्याशी ताडून पाहतात. समुद्र फार तापला की प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकते आणि पांढरेफटक पडते. १९९८, २०१० आणि २०१६ साली जगातल्या पुष्कळ समुद्रांत असे झाले. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मरत नाही, उपाशी असते. पाणी काही आठवड्यांत निवले तर शेवाळ परत येते आणि पुढच्या फोटोत रंग दिसतो. नाही निवले, तर त्याच जागी पांढऱ्या सांगाड्यावर बाहेरचे शेवाळ माजलेले दिसते.