परिचर्येतील पुढची पायरी : प्रसूतिगृह आणि नवजात कक्ष

परिचर्या परिषदेत नोंद झाली आणि रुग्णालयात नेमणूक मिळाली, म्हणजे परिचारिकेचे शिक्षण संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तेथून पुढे दोन विशेष वाटा फुटतात.

पहिली वाट प्रसाविकेची. परिचर्येची पदविका वा पदवी घेतलेल्या प्रत्येक परिचारिकेने प्रसूतीचा अभ्यास केलेला असतो. पण अनेक विषयांपैकी एक म्हणून. केंद्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार अनुभवी परिचारिकेस १८ महिन्यांचे शिक्षण देऊन निर्धोक बाळंतपणाची जबाबदारी तिच्याकडे सोपवावयाची आहे. तेलंगणात हा प्रयोग त्याआधीच, २०१७ मध्ये सुरू झाला होता. कळा नैसर्गिक गतीने येऊ देणे, विनाकारण छेद न घेणे आणि धोक्याचे पहिले चिन्ह दिसताच डॉक्टरांना पाचारण करणे, हे तिचे काम. यांपैकी शेवटचे सर्वांत अवघड. कारण त्यासाठी शेकडो बाळंतपणे डोळ्यांखालून जावी लागतात.

दुसरी वाट नवजात शिशूंच्या परिचर्येची. तिच्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा एक वर्षाचा पदविकोत्तर अभ्यासक्रम आहे. जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात कक्षांत दीड किलोचे, कधी त्याहूनही हलके मूल येते. ते रडत नाही, तक्रार करीत नाही. पाऊल गार लागणे, दूध ओढताना दमणे, मिनिटास साठाहून अधिक श्वास होणे, एवढीच त्याची भाषा. ती वाचणारी परिचारिका जवळ नसेल, तर उबदार पाळणा आणि प्राणवायूची नळी यांचा उपयोग मर्यादितच. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून त्यास ऊब देण्याची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे, पाळण्यांच्या टंचाईतूनच पुढे आली. तीही घाबरलेल्या आईला कोणीतरी शिकवावीच लागते. नजरेचे आणि शिकवणीचे मोल गडचिरोलीने पूर्वीच दाखविले आहे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजाताची घरगुती काळजी शिकविली. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र या कौशल्याची उधळपट्टी सहज होते. नवजात कक्षात तयार झालेली परिचारिका पाळीपाळीने शस्त्रक्रिया विभागात वा बाह्यरुग्ण विभागात पाठविली, की तिचे शिक्षण तेथे निरुपयोगी ठरते आणि कक्षात नवखे हात येतात. म्हणूनच अशा परिचारिकांची सरसकट फेरपालट करू नये, असे शासकीय मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. मनुष्यबळाच्या टंचाईत या सूचनेकडे काणाडोळा होतो, हेही खरे. रुग्ण कल्याण समितीवर बसणाऱ्या पंचायत सदस्यांनी औषधांच्या साठ्याबरोबर हाही प्रश्न विचारावा : प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांपैकी आज त्या कक्षात किती आहेत?

माध्यमिक शिक्षकांकडे मुली मार्ग विचारावयास येतात. त्यांना सांगता येईल की, बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविकेसाठी विज्ञान शाखेची सक्ती नाही. चार वर्षांच्या पदवीसाठी मात्र जीवशास्त्रासह विज्ञान विषय लागतात. विशेष शिक्षणाचे दार या दोहोंनंतर, परिषदेची नोंदणी आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव पदरी पडल्यावर उघडते.